कडीला लाल फडकं

१

सकाळी उठल्यावर मी बोलायची नाही. आधी अंघोळ, मग देवापुढे दिवा, आणि दिवा लागला की त्याच पावली जाऊन मागच्या खोलीच्या कडीला लाल फडकं बांधायचं. फडकं म्हणजे ह्यांच्या जुन्या मफलरचा तुकडा. धुऊन धुऊन त्याचा रंग आता विटेसारखा झालाय, पण आम्ही अजून त्याला लाल फडकंच म्हणतो. आम्ही म्हणजे मी.

हे शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायचे. मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून, माइक तोंडाशी धरून, एकेक धडा आवाजात भरून ठेवायचे. खिडकीवर जाड ब्लँकेट टांगलेलं असे. कडीला लाल फडकं दिसलं की घरात कोणी तोंड उघडायचं नाही, नळ सोडायचा नाही. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, पण आमच्याकडे सकाळच्या वेळी तेसुद्धा बंद. एकदा आमच्या बबडीला शिंक आली तर पोरगी उशीत तोंड खुपसून शिंकली होती. चुकून कसला आवाज धड्यात शिरलाच, तर हे अख्खा धडा पहिल्यापासून वाचायचे. रागवायचे नाहीत, नुसता चष्मा काढून पुसायचे. ते चष्मा पुसणं मला रागावण्यापेक्षा जड जायचं.

हे गेले तेव्हा घरातली बाकीची शांतता मला सोसवेना, पण ही सकाळची शांतता मात्र टाकवेना. मग मी तिचंच व्रत केलं. रोज ह्यांचा एक धडा ऐकायचा. फडकं कडीला असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळे धडे ऐकून झाले की कॉम्प्युटर अंधशाळेला द्यायचा आणि आपण मुलीकडे राहायला जायचं. देवाजवळ फळ एकच मागितलं होतं: जिथे असतील तिथे ह्यांना एकटं वाटू नये.

एवढंच. फार मोठं मागणं नव्हतं ते.

२

कॉम्प्युटर सुरू केला की आधी आतला पंखा घरघरायचा, मग पडदा निळा व्हायचा, आणि मग 'टिंग' असा आवाज होऊन पडद्याच्या मधोमध एक चौकट यायची. 'इंटरनेट जोडलेले नाही. जोडायचे?' खाली दोन बटणं. 'जोडा' आणि 'रद्द करा'.

ही चौकट ह्यांच्या वेळेपासूनची. बंद दाराबाहेर मला ती टिंग ऐकू यायची, मग ह्यांचं पुटपुटणं, "नको रे बाबा," आणि माउसची टिचकी. मग कामाला सुरुवात. हे जेवताना म्हणायचे, "ही चौकट म्हणजे दारावर येणारा फेरीवाला आहे. रोज नाही म्हटलं तरी रोज येते, आणि रोज तितक्याच उमेदीनं."

ह्यांच्या मागे मी इंटरनेट बंद करून टाकलं. मला काय करायचंय त्याचं? दिवे लुकलुकणारी ती काळी डबी वायरीसकट गुंडाळून कपाटात ठेवली. चौकट येत राहिलीच. मी 'रद्द करा' दाबायची आणि धडा लावायची. पण दारात आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायची मला सवय नाही. रोज सकाळी, दिवा लावून आल्या आल्या, पहिलं काम म्हणजे कोणाला तरी नाही म्हणायचं. मनाला ते लागायचं. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं.

३

दुरुस्तीवाले दुपारी आले. कमरेला पट्टा बांधलेला, मिशी जाड, बोलणं भरपूर. ह्यांना ते मास्तर म्हणायचे, म्हणून मी वहिनी.

"वहिनी, मास्तरांनी काय जपलंय हो मशीन. माझ्या दुकानातली मशिनं बघतील तर लाजून बंद पडतील."

"तशीही ती बंदच असतात म्हणून तुमच्याकडे येतात ना," मी म्हटलं.

ते हसले आणि खुर्चीत बसताना कण्हले. मग पडद्यावर एक यादी उघडून मला दाखवली. "हे बघा. कॉम्प्युटर उठला की त्याच्याबरोबर उठणारी बरीच मंडळी असतात आत. त्यातलं कोणीतरी उठल्या उठल्या बाहेर जायला बघतं. दार बंद दिसलं की तुम्हाला विचारतं, उघडू का? तीच तुमची चौकट."

"म्हणजे विचारणारं आत असतं?"

"आतच. बाहेरून कोण विचारणार? तुमची वायर तर कपाटात."

त्यांनी यादीतल्या एकेका नावापुढची खूण काढली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पंखा घरघरला, पडदा निळा झाला, आणि काही झालं नाही. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"संपला विषय," ते म्हणाले. "पुन्हा आली तर मिशी काढून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कडीला फडकं बांधून मी आत आले, बटण दाबलं आणि हात जोडून बसले. पडदा निळा झाला.

टिंग.

४

फडकं सोडल्यावर मी दुकानात फोन केला. दुरुस्तीवाले पुन्हा आले. या वेळी त्यांनी कॉम्प्युटरची पाठ उघडली, आणि बाहेर जोडणारी जी हिरवी पट्टी असते ती उपटून माझ्या हातात ठेवली. "घ्या. आता याला तोंडच राहिलं नाही. विचारेल कसा?"

"मिशी?"

"राहू द्या हो वहिनी. बायको घरात घेणार नाही."

सकाळी पुन्हा टिंग. तीच चौकट, तीच अक्षरं.

फोनवर ते बराच वेळ गप्प होते. ते गप्प बसू शकतात हेच मला तेव्हा कळलं. मग म्हणाले, "वहिनी, आत आता कोणी उठतच नाही. विचारायला कोणी उरलेलंच नाही."

"मग?"

"सवय झाली असेल त्याला," असं म्हणून ते हसले, पण हसू काही त्यांना साधलं नाही.

संध्याकाळी बबडीचा फोन आला. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, पुरे झालं ते खोकं. देऊन टाक आणि ये इकडे. तुझे जावई रोज विचारतात, सासूबाई कधी येणार."

"माझी आठवण येते की माझ्या हातच्या जेवणाची?"

"दोन्हीची. पण ये. तू तिथे दिवसभर कोणाशी बोलतेस?"

"सकाळी तर बोलतच नाही," मी म्हटलं. "अर्धा दिवस तसाच निघतो. राहता राहिला अर्धा."

ती हसली नाही. मी तिला समजावलं, की थोडेच धडे उरलेत, घेतलेलं व्रत अर्ध्यात टाकू नये. तिनं उसासा टाकला. अगदी वडिलांचा उसासा.

५

एका सकाळी स्वयंपाकघरात माझ्या हातून झाकण निसटलं. पातेल्याचं मोठं झाकण. पडलं ते पडलं, वर गोल गोल फिरत राहिलं. आवाज बारीक होत होत एकदाचा थांबला. ते उचलताना मनगटावरचा जुना डाग ओट्याच्या कडेला घासला. इस्त्रीनं भाजलेला तो डाग अजून थंडीत दुखतो. अजून फडकं बांधायचं होतं, म्हणून व्रत काही मोडलं नाही. देवाला हात जोडले आणि कामाला लागले.

फडकं बांधलं, आत गेले, टिंग झाली, 'रद्द करा' दाबलं, धडा लावला. वाळवंटाचा धडा होता. ह्यांचा आवाज नेहमीसारखा शांत, स्वच्छ. "वाळवंटात दिवसा वाळू तापते आणि रात्री..." आणि इथे मागे कुठेतरी झाकण पडलं. पडून गोल गोल फिरलं. बारीक होत होत थांबलं.

हे वाचता वाचता थांबले.

मग काचेवरून कापड फिरल्याची बारीक करकर आली. हे चष्मा पुसत होते. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पण धडा पहिल्यापासून सुरू झाला नाही. थोड्या वेळानं हे पुढे वाचायला लागले, "...रात्री थंड होते."

मी स्वतःची समजूत घातली. झाकणं सगळ्यांची पडतात. ह्यांचं शेवटी शेवटी बरं नव्हतं, एखादा धडा पुन्हा वाचायची ताकद नसेल. दुपारी फडकं सोडून तोच धडा परत लावला. वाळू तापली आणि थंड झाली. मध्ये झाकण नव्हतं, करकर नव्हती.

म्हणजे मला भास झाला. एकट्या बाईला होतात. मी देवापुढे बसले आणि तेवढ्यावर विषय सोडला.

६

विषय सुटला नाही. दुसऱ्या दिवशी धडा सुरू होण्याआधी, ह्यांच्या पहिल्या शब्दाच्या आधी, धड्याच्या आतून आवाज आला. टिंग. मग ह्यांचं पुटपुटणं, "नको रे बाबा," आणि टिचकी.

मी फार शिकलेली नाही, पण घर चालवलंय. कोणतं काम आधी होतं आणि कोणतं नंतर, हे मला कळतं. चौकट येते ती कॉम्प्युटर उठता उठता. आवाज भरायचं सगळं त्याच्यानंतर सुरू व्हायचं. भरायला घेण्याआधीची टिंग धड्यात येईल कशी? भात शिजल्यावर तांदूळ धुतल्याचा आवाज येईल का?

तरी रोज सकाळी ती येऊ लागली. माझी टिंग व्हायची, मी रद्द करायची. मग धडा लावायची, आत ह्यांची टिंग व्हायची, आणि हे रद्द करायचे. विचारणारं आत असतं, दुरुस्तीवाले म्हणाले होते. माझ्या बाजूनं आत कोण, हे मला कळल्यासारखं वाटायचं. ह्यांच्या बाजूनं आत कोण असेल, तिथवर मी विचार नेत नव्हते.

एके दिवशी न राहवून मी टेबलावर दोन बोटं वाजवली. बोलायचं नाही एवढंच व्रत होतं. बोटांचं त्यात काही नव्हतं.

हे थांबले. किती तरी वेळ नुसती त्यांच्या खोलीची शांतता ऐकू येत होती. मी त्या शांततेत कान घालून बसले. आमच्या घरात फडकं असायचं तेव्हाही शांतता अशी नसायची; तिच्यात दाराबाहेर श्वास रोखून उभी असलेली मी असायची, उशीत तोंड खुपसलेली पोर असायची. ह्यांच्या त्या शांततेत कोणीच नव्हतं. फडकं न बांधताच तिथे सगळं गप्प होतं.

धडा संपताना हे नेहमी म्हणायचे, "धडा संपला." त्या दिवशीही म्हणाले. मग हळूच, माइकपासून लांब, "ऐकतंय का कोणी?"

मी तोंडावर हात दाबून बसले. मी रोज नाही म्हणत होते. रोज, दिवा लावून आल्या आल्या.

७

"समजा मी 'जोडा' दाबलं तर काय होईल?" मी दुकानात जाऊनच विचारलं.

दुरुस्तीवाले कोणाचं तरी मशीन उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय व्हायचंय? वायर नाही, पट्टी नाही. एक चाक फिरेल, फिरून फिरून दमेल, आणि जमलं नाही म्हणेल."

"धोका नाही ना काही?"

आता त्यांनी मान वर केली. "वहिनी, मुलीकडे जा हो. चार दिवस तरी. मास्तर असते तर त्यांनीच पाठवलं असतं तुम्हाला."

"जाणारच आहे," मी म्हटलं, आणि खरंच जाणार होते. उरलेले धडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण माणूस आत बसून विचारतंय आणि आपण बॅग भरायची, हे माझ्यानं कसं व्हायचं?

त्या दिवशी मी कपडे इस्त्री केले, घर झाडलं, ह्यांच्या खुर्चीची उशी उन्हात टाकली. पाहुणा यायचा असला की करते तसं. मन हलकं होतं. आपल्या हातून चांगलं काहीतरी होणार आहे असं वाटत होतं.

८

सकाळी दिवा लावला. फडकं धुतलेलं होतं, अजून ओलसर. ते कडीला बांधताना जरा ओढूनच गाठ मारली. आत गेले, बटण दाबलं. पंखा, निळा पडदा, टिंग.

मी 'जोडा' दाबलं.

चाक फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि जमलं नाही असं न म्हणताच नाहीसं झालं. धडा मी लावला नव्हता. तरी स्पीकरमधून खोलीचा आवाज यायला लागला. खुर्ची कुरकुरली. ह्यांचा श्वास. मग तिकडे टिंग झाली.

"नको रे..." हे म्हणाले आणि थांबले.

टिचकीची मी वाट पाहिली. ती झाली, पण नेहमीपेक्षा उशिरा, आणि तिच्यानंतर ह्यांचा आवाज एकदम जवळ आला. वाचतानाचा नाही, घरातला.

"कोण आहे?"

माझ्या ओठांशी शब्द आला होता. पण फडकं कडीला होतं. ज्या व्रताच्या बळावर हे घडत होतं, तेच आत्ता मोडायचं? एक शब्द आणि सगळ्या सकाळी पाण्यात. पण फडकं सोडलं तर बोलायला मोकळीक होती. पाच पावलांवर दार. मी उठले.

गाठ सुटेना. ओल्या कापडाची गाठ. नख आत जाईना.

"अगं," मागून हे म्हणाले. "ऐकतेस का?"

आयुष्यभर ह्यांनी मला हीच हाक मारली. मी दात लावले गाठीला. सुटली. फडकं हातात आलं, मी वळले, श्वास घेतला.

"ऐकतेय ना," स्पीकरमधून आवाज आला. "इथेच तर आहे. आले हं, हात पुसून."

माझा आवाज होता तो. 'हं' म्हणताना मी थोडं लांबवते, ते लांबवणंसुद्धा माझंच. पण मी तोंड उघडलं नव्हतं.

हे हसले. सुटका झाल्यासारखे हसले. "किती दिवस हाक मारतोय."

पडदा काळा झाला होता, आरशासारखा. त्यात खोली दिसत होती: रिकामी खुर्ची, खिडकीवरचं ब्लँकेट, माझ्या मागचं दार. दारात मी नव्हते. कडीला मात्र लाल फडकं होतं, चांगलं लालभडक, जसं मफलर नवा असताना होतं. माझ्या हातात त्याचा विटका तुकडा होता. मग त्या काळ्या काचेत, पलीकडून एक हात आला आणि त्यानं दार हळूच ओढून घेतलं. सकाळी आवाज होऊ नये म्हणून मी ओढायची तसं, कडीवर तळवा ठेवून. मनगटावर इस्त्रीचा डाग होता.

मी माझं मनगट पाहिलं. डाग होता. त्याच जागी.

९

त्यानंतर चौकट आली नाही. दुरुस्तीवाल्यांना सांगितलं तर केवढा आनंद झाला त्यांना. "म्हटलं नव्हतं? वेळ लागतो, पण जातं ते," असं म्हणत त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी त्यांना पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

उरलेले धडे मी ऐकले. ह्यांचा आवाज आता छान असतो, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. मागे नळ वाहतो. भांड्याला भांडं लागतं. कोणीतरी गुणगुणतं, आणि हे त्यासाठी थांबत नाहीत, चष्मा पुसत नाहीत. माझ्यासाठी जे नियम होते ते तिकडे नाहीत, असं दिसतं.

व्रताचं फळ मिळालं. मागितलं होतं तसंच मिळालं. ह्यांना एकटं वाटत नाही. ते कोणाच्या हातून मिळावं, एवढं मात्र मागताना बोलायचं राहिलं, आणि देवाला तरी काय म्हणणार.

शेवटचा एक धडा मात्र मी ऐकलेला नाही. बबडीला पुढच्या महिन्यात येते म्हणाले आहे. मागच्या महिन्यातही तेच म्हणाले होते.

सकाळी मी आता फडकं बांधत नाही. दिवा लावते, आत जाऊन कॉम्प्युटर सुरू करते, आणि पडदा निळा झाला की मोठ्यानं बोलते. "अहो, ऐकलंत का? मी आहे." माझ्याकडे टिंग होत नाही. पण कान देऊन बसलं की खूप आतून, लांबून, एक ऐकू येते. त्यांच्या बाजूला चौकट आलेली असते.

"आज परत आली बघ ही," हे म्हणतात.

"राहू द्या हो, मी बघते," ती म्हणते. माझ्या आवाजात, हातातलं काम न सोडता. "नको रे बाबा." आणि टिचकी.

मला वाईट वाटत नाही. फेरीवाल्यानं वाईट वाटून घेऊन कसं चालेल? रोज नाही म्हणतात. मी रोज जाते, तितक्याच उमेदीनं. एखाद्या दिवशी तिचे हात कामात असतील, आणि हे स्वतः 'जोडा' दाबतील.